पांढरी तीनच्या किंचित वर

घणसोली गावात, हसुराम भोईरांच्या ओट्यावर
दुपारी दोनला एक विमान उताणं पडलंय.
पंखांचा पसारा सव्वा मीटर,
उजव्या टोकाला खाडीचा चिखल, वाळून राखाडी.
रविवारी लूपच्या माथ्यावर
त्यानं सगळे हातपाय एकदम सोडले
आणि रिमोट हातात असूनही
हसुराम बघत राहिले नुसते,
बस सुटलेल्या माणसासारखे.

आज चिरफाड.

तीस वर्षं रबाळ्याच्या प्रेस शॉपमध्ये
दर चार सेकंदांना एक दणका.
कान तिथेच राहिले.
निरोप समारंभात कंपनीनं दिलं भिंतीवरचं घड्याळ,
दर तासाला टोले देणारं.
हा अँमीटर मात्र त्यांनी स्वतः उचललाय भंगारातून:
काळं बेकलाइट, काचेला तडा,
शून्य ते एक अँपिअर.

"व्होल्टेज काठावं बसून मोजता येतं," ते म्हणतात,
"करंट मोजाचा त वायर तोराची. मधी बसाचं."
आणि लाल वायर कापतात, अगदी हलक्या हातानं,
सोललेली दोन टोकं मीटरला देतात.

मी वरच्या खोलीतला भाडेकरू.
हार्मोनियमचे सूर लावतो, त्यावर पोट.
मला बोलावलंय ते कानांसाठी.

शेपटीचा सर्व्हो. स्टिक मध्यावर.
काही हलत नाही.
तरी काटा दोनशे चाळीसवर, बारीक थरथरत,
आणि मला ऐकू येतेय एक गुणगुण,
पांढरी तीनच्या किंचित वर, सलग,
श्वास न घेता.
"वाजतंय?"
मी मान हलवतो.
ते सर्व्होच्या पाठीला दात लावतात,
डोळे मिटतात.
"हां. वाजतंय."

मग मला बोटानं शेपटी दाबायला लावतात.
वारा हो, म्हणतात. दाब. आजून दाब.
चारशे. सहाशे.
इवलंसं प्लास्टिकचं चाक माझ्या बोटाशी भांडतंय,
नखाखाली कळतंय मला त्याचं भांडण.
आठशे दहा.
हसुराम वहीत लिहितात, नातवाच्या भूगोलाच्या,
मागच्या पानावर:
आठशे दहा गुणिले चार.
रेग्युलेटर तीन अँपिअरचा.
खाली दोन रेघा मारतात.
बराच वेळ बोलत नाहीत.

म्हणजे वारा नव्हता, घार नव्हती,
समोरच्या टॉवरचे सिग्नलही नव्हते
ज्यांना ते तीन दिवस शिव्या देत होते.
लूपच्या माथ्यावर चौघांनी एकाच वेळी मागितलं
आणि देणाऱ्याकडे तेवढं नव्हतं.
रिसीव्हरनं डोळे मिटले,
अर्धा सेकंद असेल.

पण हा एक तर उभ्या उभ्याही मागतोय.
"ह्याला बसू देत नाय कोन?" हसुराम पुटपुटतात
आणि भिंग घेऊन वाकतात:
शेपटीकडे जाणारी तार दोन मिलिमीटर लांब.
मध्यावर ये म्हणून हुकूम,
आणि तार येऊ देत नाही.
तो आपला ढकलतोय,
गेल्या दिवाळीपासून बहुतेक.

क्लेव्हिस काढतात. दीड फेरा आत.
पुन्हा अडकवतात.
काटा सावकाश उतरतो, शून्याला टेकल्यासारखा होतो.

ते काट्याकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात.
"गेला का रं?"

गेला. इतका गेला
की ओट्यावर सुकत घातलेल्या जवळ्यावर
माशी कुठे बसली तेही ऐकू येतंय.
आतून चांगुणावहिनी चहाला हाक मारतायत,
तिसऱ्यांदा बहुतेक.
हसुरामांनी पुढची लाल वायर चिमटीत धरलीय,
जीभ दातांत.

ती हाक
मी त्यांना लगेच सांगत नाही.